वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतल्या मंत्र्यांची वागणूक तपासतं कोण?

मागच्या अंकात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळाची रचना सांगणारं टिपण दिलं होतं. त्यावर बडोद्याच्या वाचकांची पत्रं आली. ज्यांची मुलंबाळं तिकडे आहेत अशा घरांतून बरीच आली. रचनेपेक्षा वागणुकीबद्दलच विचारणा जास्त आहे. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, तिकडे मंत्री व्हायचं तर आधी शेअर विकावे लागतात. आपल्याकडेही उमेदवार प्रतिज्ञापत्रात सगळी मालमत्ता लिहितातच. मग फरक काय? (रावपुरा)

आपल्याकडचं प्रतिज्ञापत्र मतदारासाठी असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून ते सुरू झालं. घर, सोनं, कर्ज, सगळं त्यात रुपयांत लिहावं लागतं, पण त्यातलं काही विका असं कुणी सांगत नाही. मंत्री झाल्यावर आचारसंहिता लागू होते. तिच्यानुसार धंद्याच्या कारभारातून बाहेर पडायचं आणि दरवर्षी पंतप्रधानांकडे मालमत्तेचं विवरण द्यायचं. मात्र ती संहिता म्हणजे कायदा नव्हे. ती मोडली तर पुढे काय, हे पंतप्रधान किंवा राज्यात मुख्यमंत्री ठरवणार.

अमेरिकेत नेमणुकीआधीच कागद सुरू होतात. १९७८ च्या कायद्याने तिथे 'ऑफिस ऑफ गव्हर्नमेंट एथिक्स' स्थापन झालं; पुढे त्याला एथिक्स कार्यालय म्हणू. राष्ट्राध्यक्षांनी नाव नक्की केलं की ती व्यक्ती २७८-ई क्रमांकाचा फॉर्म भरते. स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्या मुलांची गुंतवणूक, उत्पन्न, कर्जं, शिवाय स्वतःची बाहेरची पदं, सगळं त्यात येतं. संबंधित खात्याचा एथिक्स अधिकारी आणि एथिक्स कार्यालय दोघंही तो ओळीओळीने तपासतात, शंका विचारतात, दुरुस्त्या करून घेतात. मग करारपत्र होतं. अमुक कंपनीचे शेअर विकीन, तमुक संचालकपद सोडीन, जिथे नोकरीला होतो त्या कंपनीच्या प्रकरणात वर्षभर हात घालणार नाही, असं एकेक कलम त्यात लिहिलेलं असतं. विक्रीला सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, मंजुरीपासून साधारण ९० दिवस मिळतात. सुनावणीआधी हे कागद सिनेटच्या समितीकडे जातात आणि लोकांनाही वाचायला मिळतात.

या सगळ्याला धाक आहे तो फौजदारी कायद्याच्या कलम २०८ चा. स्वतःचा, जोडीदाराचा किंवा अज्ञान मुलाचा पैसा ज्यात गुंतला आहे अशा कामात मंत्र्याने भाग घेतला तर तो गुन्हा ठरतो. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या कलमातून सुटतात, मंत्री सुटत नाहीत. सज्ञान मुलं मात्र मोजली जात नाहीत. धंदा त्यांच्या नावे करून खुर्चीवर बसता येतं, आणि आमच्या मते या कायद्यातली ही सगळ्यात मोठी फट आहे. आपल्या संहितेतही कारभार घरातल्या दुसऱ्या सज्ञान माणसाकडे सोपवता येतो, फक्त नवराबायकोत अदलाबदल चालत नाही. दोन्हीकडे ही वाट बंद व्हायला हवी.

घोळ होतात ते बहुधा तीन ठिकाणी. पहिला कराचा. सरकारी कामासाठी शेअर विकावे लागले तर भांडवली नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो. त्यासाठी एथिक्स कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते विक्रीच्या आधीच घ्यावं लागतं. घाईघाईने आधी विकलं की सवलत गेली. प्रमाणपत्र मिळाल्यावर आलेला पैसा ६० दिवसांत सरकारी रोख्यांत किंवा अनेक क्षेत्रांत विखुरलेल्या फंडांत घालायचा. कर माफ होत नाही, तो फंड पुढे विकेपर्यंत लांबतो.

दुसरा घोळ बाजूला राहण्याचा. शेअर न विकता 'या विषयात मी पडणार नाही' असं लिहून देता येतं. पण संरक्षणमंत्री मोठ्या शस्त्रपुरवठादाराच्या प्रत्येक फायलीपासून लांब राहू लागला तर तो काम काय करणार? म्हणून मोठ्या खात्यांत विक्रीचाच आग्रह धरतात. १९५३ साली आयझेनहॉवर यांनी जनरल मोटर्सचे प्रमुख चार्ल्स विल्सन यांना संरक्षण खात्यासाठी निवडलं. कंपनी खात्याची बडी पुरवठादार आणि विल्सन यांच्याकडे तिचे सुमारे २५ लाख डॉलरचे शेअर. विकायला ते नाखूश होते. सिनेटची समिती हटली नाही, त्यांना विकण्याचं कबूल करावं लागलं, आणि मग ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजुरी मिळाली.

तिसरा घोळ साध्या निष्काळजीपणाचा. व्यापारमंत्री विल्बर रॉस यांनी एका बँकेचे शेअर विकल्याचं लिहून दिलं, प्रत्यक्षात ते विकलेच नव्हते. रक्कम त्यांच्या संपत्तीच्या मानाने किरकोळ होती. तरी २०१९ च्या फेब्रुवारीत एथिक्स कार्यालयाने त्यांचं विवरण प्रमाणित करायला नकार दिला.

अमेरिकेतला मंत्री खासदारही असतो का? (मांडवी)

नाही. घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात मनाई आहे. २०२५ च्या जानेवारीत मार्को रुबिओ परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा त्यांना सिनेटची जागा सोडावी लागली. आपल्याकडे उलट आहे: बाहेरचा माणूस मंत्री झाला तर त्याने सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहात यायला हवं.

बडोदेकरांना ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. तंजावरच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण होते, मग इंदूरचे, आणि १८७५ पासून सयाजीराव अज्ञान असतानाच्या काळात बडोद्याचे. त्यांच्यामागे मतदारसंघ नव्हता की पक्ष. नेमणाऱ्याचा विश्वास आणि स्वतःचं काम, एवढ्यावर दिवाणगिरी चाले. अमेरिकी मंत्र्याची जागा बरीचशी अशीच आहे. फरक इतकाच की आत येताना त्याला सिनेटचं बहुमत लागतं. बाहेर काढायला मात्र राष्ट्राध्यक्षांना कुणालाही विचारावं लागत नाही.

राज्यशास्त्राच्या तोंडी परीक्षेत विचारलं होतं: राष्ट्राध्यक्ष कधीही काढू शकतात, तर मंत्र्याची निष्ठा राष्ट्राध्यक्षांशी की घटनेशी? मी 'दोन्हींशी' म्हणालो. बरोबर का? (फतेगंज, विद्यार्थी)

अर्धं बरोबर. शपथ घटनेची आहे. तिच्यात राष्ट्राध्यक्षांचं नावही येत नाही. पण खातं चालवायचं ते राष्ट्राध्यक्षांच्या धोरणानुसार, कारण निवडून ते आलेले असतात. धोरण पटत नाही म्हणून मंत्र्याने खात्यात बसून गुपचूप खो घालणं हाही शपथेचा मान नव्हे. समोरासमोर बोलायचं, ऐकलं नाही तर राबवायचं किंवा निघून जायचं. कसोटी लागते ती धोरणाच्या प्रश्नावर नव्हे, तर हुकूम पाळला की आधी दिलेला शब्द मोडतो अशा वेळी.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९७३ चं आहे आणि ते तारखांसकट लक्षात ठेवावं. वॉटरगेट प्रकरण (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) तापलेलं असताना निक्सन यांनी एलियट रिचर्डसन यांना ॲटर्नी जनरल, म्हणजे तिथल्या कायदा खात्याचे मंत्री, नेमलं. सिनेटने मंजुरीआधी अट घातली: चौकशीसाठी स्वतंत्र विशेष सरकारी वकील नेमा आणि त्याला हात लावू नका. रिचर्डसन यांनी आर्चिबाल्ड कॉक्स यांचं नाव दिलं आणि अत्यंत गंभीर गैरवर्तन असल्याशिवाय त्यांना काढणार नाही असं वचन दिलं. वचन भाषणात हवेवर सोडलेलं नव्हतं; कॉक्स यांच्या नेमणुकीच्या नियमांतच ते उतरवलं गेलं.

जुलैत कॉक्स यांनी व्हाइट हाउसमधल्या ध्वनिफितींसाठी समन्स काढलं. १२ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निक्सन यांनी मधला मार्ग सुचवला: फिती द्यायच्या नाहीत, सारांश द्यायचा, आणि तो बरोबर आहे की नाही हे सिनेटर जॉन स्टेनिस यांनी ऐकून सांगायचं. कॉक्स यांनी नकार दिला. शनिवारी, २० ऑक्टोबरला निक्सन यांनी रिचर्डसन यांना हुकूम केला, कॉक्सना काढा. रिचर्डसन यांनी काढलं नाही, राजीनामा दिला. त्यांच्याखालच्या विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि पद सोडलं. तिसऱ्या क्रमांकाचे रॉबर्ट बोर्क यांनी हुकूम बजावला. पुढच्याच महिन्यात संघीय न्यायालयाने ती हकालपट्टी बेकायदेशीर ठरवली, कारण नियम अजून जिवंत होता आणि नियमातलं कारण घडलेलं नव्हतं.

यात नीट पाहण्यासारखं हे की राष्ट्राध्यक्षांचा मंत्र्याला काढण्याचा अधिकार रिचर्डसन यांनी नाकारला नाही. 'मला काढा, पण माझ्या हातून हे होणार नाही' एवढीच त्यांची भूमिका होती. तोंडी परीक्षेत हे सांगितलंत तर 'दोन्हींशी' या उत्तराला आधार मिळेल. रिचर्डसन यांची कारकीर्दही त्यामुळे संपली नाही. फोर्ड यांनी त्यांना पुढे व्यापारमंत्री केलं.

धोरणावरून पद सोडण्याचं उदाहरण वेगळं द्यावं. १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना लष्करी कारवाई करून सोडवण्याला परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांचा विरोध होता. कारवाई यशस्वी झाली तरी राहणार नाही, असं त्यांनी कार्टर यांना आधीच सांगितलं, राजीनामा देऊन ठेवला आणि कारवाई होईपर्यंत बाहेर एक अक्षर बोलले नाहीत. २४ एप्रिलची कारवाई फसली, आठ अमेरिकी सैनिक गेले, आणि २८ तारखेला राजीनामा जाहीर झाला. निकाल कळण्याआधी दिलेल्या राजीनाम्याला वजन असतं. आपल्याकडे चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं ते लोकसभेत उभं राहून. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. आपल्याकडे मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असल्यामुळे न पटलेल्या निर्णयाचा भागीदार तरी व्हायचं किंवा बाहेर तरी पडायचं. अमेरिकेत मंत्रिमंडळ मतदान करून निर्णय घेत नाही, त्यामुळे हा पेच तिथे प्रत्येक मंत्र्यापुढे एकट्याने येतो.

घरकामाच्या बाईमुळे मंत्रिपद गेलं असं वाचलं होतं. खरं का? (कारेलीबाग)

खरं. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी झोई बेअर्ड यांचं नाव ॲटर्नी जनरलपदासाठी दिलं होतं. मूल सांभाळणारी बाई आणि तिचा ड्रायव्हर नवरा यांच्याकडे तिथे काम करण्याची कागदपत्रं नव्हती आणि त्यांच्या पगारावरचा सामाजिक सुरक्षा कर भरलेला नव्हता. कायदा खात्याच्या प्रमुखपदी असा माणूस कसा, असा गदारोळ झाला आणि त्यांनी माघार घेतली. २००९ मध्ये आरोग्यमंत्रिपदासाठी आलेलं टॉम डॅशल यांचंही नाव करावरूनच मागे घ्यावं लागलं. एका उद्योगपतीने वापरायला दिलेली गाडी आणि ड्रायव्हर हे उत्पन्नच आहे, त्यावर कर लागतो, हे त्यांनी धरलं नव्हतं. व्याजासकट सुमारे १ लाख ४० हजार डॉलर त्यांनी भरले, पण ते नाव पुढे आल्यावर.

चुकीपेक्षा लपवाछपवी महाग पडते. नाव जाहीर होण्याच्या सुमारास एफबीआय पूर्वायुष्य तपासते आणि तिला खोटं सांगणं हाच वेगळा गुन्हा आहे. गृहनिर्माणमंत्री हेन्री सिस्नेरोस यांनी एका स्त्रीला पैसे दिले होते. देणं गुन्हा नव्हता. किती दिले हे एफबीआयला खोटं सांगितलं, त्यातून वर्षानुवर्षं चौकशी चालली आणि १९९९ मध्ये गुन्हा कबूल करून त्यांना १०,००० डॉलर दंड भरावा लागला.

मंत्र्यांच्या विमानप्रवासाला आणि भेटवस्तूंना काही मर्यादा? (प्रतापनगर)

प्रवासाचा नियम असा: नेहमीची विमानसेवा वेळेत मिळत नसेल किंवा भाड्याचं विमान खरोखर स्वस्त पडत असेल तरच ते घ्यायचं, आणि ते का घेतलं याची तुलना आधी कागदावर करून ठेवायची. आरोग्यमंत्री टॉम प्राइस इथेच अडकले. २०१७ मध्ये ते वॉशिंग्टनहून फिलाडेल्फियासारख्या, रेल्वेने सहज जाता येईल अशा गावीही भाड्याच्या विमानाने गेले. बातम्या आल्यावर आपल्या सीटचे ५१,८८७ डॉलर भरतो म्हणाले, पण विमान अख्खं सरकारी पैशाचं होतं. दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला, राजीनामा द्यावा लागला. खात्याच्या महानिरीक्षकांनी नंतर २१ दौरे तपासले. त्यांतले २० नियमात बसले नाहीत आणि किमान ३ लाख ४१ हजार डॉलर वाया गेल्याचा निष्कर्ष निघाला. तुलनेचा कागद आधी केला असता तर बहुतेक उड्डाणं झालीच नसती.

भेटवस्तूंची साधी मर्यादा एका वेळी २० डॉलर, एका देणाऱ्याकडून वर्षात ५० डॉलर. रोख कधीच नाही. परदेशी सरकारने दिलेली भेट वेगळी मोजतात. २०२३ मध्ये ती मर्यादा ४८० डॉलर ठरली. त्यावरची वस्तू शिष्टाचार म्हणून घेता येते, पण ती सरकारची होते आणि ६० दिवसांत जमा करावी लागते. किंमत धरतात ती अमेरिकेतल्या किरकोळ बाजारातली, देणाऱ्याच्या देशातली नाही. जोडीदाराला दिलेली भेटही यात येते, आणि चूक बहुधा तिथेच होते.

मंत्री पक्षाचा प्रचार करू शकतात का? (वाडी)

करू शकतात, सरकारी खर्चाने आणि पदाच्या नावाने नाही. १९३९ चा हॅच कायदा हे पाहतो. आरोग्यमंत्री कॅथलीन सेबेलियस २०१२ मध्ये सरकारी दौऱ्यावर केलेल्या भाषणात ओबामांच्या फेरनिवडीबद्दल बोलल्या. नंतर दौरा राजकीय ठरवून खर्च भरून काढला, तरी कायदा मोडलाच असा अहवाल आला. सिनेटने मंजूर केलेल्या मंत्र्याच्या बाबतीत असा अहवाल राष्ट्राध्यक्षांकडे जातो आणि कारवाई त्यांच्या मर्जीवर असते. स्वतःच्याच प्रचारात बोललेल्या मंत्र्यावर कोण कारवाई करणार? त्यावेळीही झाली नाही. या कायद्याचा दात इथेच बोथट आहे.

राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या भावाला मंत्री करू शकतात? (अलकापुरी)

१९६१ मध्ये केनेडींनी रॉबर्ट या भावाला ॲटर्नी जनरल केलं होतं. १९६७ च्या कायद्याने ते बंद झालं. व्हाइट हाउसच्या कार्यालयातल्या नेमणुकांना हा कायदा लागत नाही असं कायदा खात्याने २०१७ मध्ये मत दिलं. मंत्रिपदाला ती पळवाट नाही.

राजीनामा दिला की प्रकरण मिटतं का? (दांडिया बाजार)

मिटत नाही, निदान मिटू नये. १८७६ मध्ये युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांनी लष्करी ठाण्यावरच्या दुकानाच्या ठेक्यातून पैसे घेतल्याचं उघड झालं. प्रतिनिधिगृह, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, महाभियोगाचं मत देण्याच्या थोडं आधी त्यांनी धावत जाऊन राजीनामा दिला. सभागृहाने तरीही महाभियोग लावला. राजीनामा दिलेल्यावर खटला चालतो असं सिनेटनेही ठरवलं. दोन तृतीयांश मतं न मिळाल्याने ते सुटले. त्यानंतर मंत्र्यावर महाभियोग लागला तो थेट २०२४ मध्ये, अंतर्गत सुरक्षा खात्याचे मंत्री अलेहांद्रो मायोर्कस यांच्यावर, एका मताच्या फरकाने. सिनेटने तो फेटाळला.

तुरुंगात गेलेले पहिले मंत्री अल्बर्ट फॉल, सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या 'इंटिरिअर' खात्याचे. नौदलाचे राखीव तेलसाठे त्यांनी जाहीर लिलाव न करता दोन तेलवाल्यांना भाडेपट्ट्याने दिले. त्यांतल्या एकाच्या मुलाने एक लाख डॉलर रोख काळ्या बॅगेतून आणून दिले होते. ते कर्ज होतं असा बचाव केला, तो टिकला नाही. १९२९ मध्ये लाच घेतल्याबद्दल वर्षाची शिक्षा झाली. देणारा मात्र त्याच रकमेच्या खटल्यात निर्दोष सुटला, कारण देणाऱ्याचा हेतू वेगळ्या ज्यूरीपुढे वेगळा सिद्ध करावा लागतो.

उलटं उदाहरणही आहे. कृषिमंत्री माइक एस्पी यांनी खात्याशी संबंध असलेल्या कंपन्यांकडून सामन्यांची तिकिटं आणि इतर भेटी घेतल्याच्या आरोपावरून १९९४ अखेर पद सोडलं. १९९८ मध्ये ज्यूरीने तिसही आरोपांतून त्यांना मोकळं केलं. म्हणून राजीनामा चुकीचा होता असं आम्हाला वाटत नाही. गुन्हा सिद्ध व्हायला लाचेचा हेतू दाखवावा लागतो. ज्यांच्या मालाची तपासणी आपलं खातं करतं त्यांच्याकडून तिकीट घेणं पदाला शोभत नाही, हे ठरवायला ज्यूरी लागत नाही.

एखाद्या मंत्र्याचे हे कागद घरबसल्या वाचायचे असतील तर? (सयाजीगंज)

एथिक्स कार्यालयाच्या संकेतस्थळावर मंत्र्यांचे कागद थेट मिळतात. आधी करारपत्र उघडा. ते लहान असतं आणि काय विकायचं, कुठून बाहेर पडायचं हे त्यात स्पष्ट असतं. मग २७८-ई फॉर्म. तिसरा कागद व्यवहारांचा: १,००० डॉलरवरची शेअरची खरेदी-विक्री, कळल्यापासून ३० दिवसांत आणि कसंही करून व्यवहारानंतर ४५ दिवसांच्या आत कळवावी लागते. शेवटी पालनाचं प्रमाणपत्र. करारपत्रातलं प्रत्येक नाव व्यवहारांच्या कागदात सापडतं का ते पाहा आणि मंजुरीच्या तारखेपासून ९० दिवस मोजा.

वाचताना दोन चुका होतात. रकमा आकड्यांत नसून टप्प्यांत असतात, जसं १५,००१ ते ५०,००० किंवा १ लाख १ ते अडीच लाख डॉलर. सगळ्या टप्प्यांची खालची टोकं मिळवून 'एकूण संपत्ती' काढली तर ती फार कमी येते, वरची मिळवली तर फुगते. दुसरं, स्वतः राहतो ते घर भाड्याने दिलेलं नसेल तर मालमत्तेत दिसत नाही, त्यावरचं कर्ज मात्र देण्यांच्या भागात दिसतं. त्यामुळे एखादा मंत्री कागदावर कर्जबाजारी वाटू शकतो. जोडीदाराच्या पगाराचा स्रोत लिहिलेला असतो, रक्कम नसते. आणि हवं असलेलं विवरण वेळीच उतरवून ठेवा, कारण सहा वर्षांनी ते काढून टाकलं जातं.